आत्याच्या शेजारी

माझं पत्र माझ्या हातात पडायच्या आधी तीन घरांत वाचून झालं होतं. मोरिवलीत तेव्हा पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवायचा, सगळ्या गल्लीची पत्रं नारायणकाकांच्या पडवीत ठेवायचा आणि पाणी पिऊन निघून जायचा. नारायणकाकांच्या सुनेनं माझं पाकीट फोडलं, कारण त्यावर छापील इंग्रजी होतं, आणि छापील इंग्रजी म्हणजे कोणाला तरी काहीतरी झालं असणार, अशी तिची समजूत. तिथून ते तिच्या जावेकडे गेलं, जावेकडून मास्तरांच्या बायकोकडे, आणि तिनं त्याचा अर्थ लावून तो गल्लीभर पोचवला. मी साडेतीनला आनंदनगरच्या कारखान्यातून, गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायची माझी पाळी संपवून येत होते. ओट्यावर वाल सोलत बसलेल्या शेजारणीनं मान वर न करता सांगितलं, "कुंदे, तुला नाशिकला बोलावलंय गो. शुक्रवारी धा वाजता. फोटो दोन ने."

दोन वर्षं मी त्या पत्राची वाट बघत होते. उल्हासनगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन मी पदवी मिळवली होती. आमच्या गावातली पहिली मुलगी. समोरच एमआयडीसी, रात्रंदिवस धूर सोडणारे कारखाने, त्यात कुठेतरी प्रयोगशाळेत जागा मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. पण तिथं बायकांना पॅकिंगशिवाय कोणी घेत नव्हतं. मग मी लांबलांब अर्ज पाठवायला लागले आणि नाशिकच्या एका औषधाच्या कारखान्यानं मुलाखतीला बोलावलं. ते पाकीट आपण स्वतः फोडायचं, आधी एकटीनं वाचायचं, मग घरात सांगायचं, एवढीच माझी इच्छा होती. मी का रागावले ते नारायणकाकांच्या सुनेला खरोखरच कळलं नाही. ती म्हणाली, "अगो, चांगलीच बातमी हाय ना? वाईट असती तं मी दडवून ठेवली असती."

खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं. लहानपणी मी दुपारी कोणाच्या घरी जेवले हे आईनं मला कधी विचारलं नाही. भूक लागली की ज्या चुलीतून वास येईल त्या घरात शिरायचं. कोणाकडे तांदळाची भाकरी आणि सुकट-वांगं, कोणाकडे वालाचं बिरडं, कोणाकडे नुसता भात आणि भाजलेला बोंबील. मला टायफॉईड झाला तेव्हा आई तीन आठवडे माझ्या उशाशी होती, आणि त्या तीन आठवड्यांत आमची चूल पेटली नाही. जेवण रोज कुठून तरी आलं. आता मी बदलापूरला पाचव्या मजल्यावर राहते. दाराला तीन कड्या आहेत, बेल वाजली की आधी भोकातून बघते, आणि मला ते आवडतं, हे मी लपवत नाही. पण ताप आला की पहिल्यांदा कान कशाची वाट बघतात तेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात हे कोणाला पटवून देता येत नाही. माझ्या मुलीलाही नाही.

आमचं घर चार माणसांचं. दादा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. कमी बोलायचे आणि बोलले तर पाना हातात असल्यासारखं, मोजून. आई शेताच्या उरलेल्या तुकड्यात आणि कोंबड्यांत गुंतलेली. आणि यमुनाआत्या, दादांची मोठी बहीण. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. मला तिनंच वाढवलं. तिचा आवाज घरात सगळ्यात मोठा होता. कारखान्याचा भोंगा आणि आत्याची हाक यांत पहिलं काय ऐकू येईल यावर दादा कधीतरी हसायचे. आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवल्यांवर चालतात. मांडव घालताना, जात्यावर हळद दळताना, नवरीला हळद लावताना, प्रत्येक वेळेचा धवला वेगळा, आणि तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी येतो तो लग्न लावायच्या वेळी. बाकी सगळं तिच्या तोंडून.

मी बारा वर्षांची असताना भाकऱ्या थापता थापता आत्यानं मला शिकवायला सुरुवात केली. ती एक ओळ म्हणायची, मी उचलायची. चुकले तर पिठाचा हात दंडावर. मला ते आवडायचं का, याचा विचार मी केला नव्हता. मला पाठ व्हायचं, एवढंच. तेव्हा आत्याच्या जोडीला काशीमावशी होती. धवला एकटीनं म्हणता येत नाही. एकीचा श्वास संपला की दुसरीनं ओळ धरायची, नाहीतर मध्ये खळ पडतो आणि खळ पडणं अशुभ. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना काशीमावशी गेली आणि तिच्या जागी मी बसले. कोणी मला विचारलं नाही. मीही काही म्हणाले नाही. गावात अशा गोष्टी ठरत नाहीत, होतात.

तर शुक्रवारी दहा वाजता नाशिक. आणि त्याच शुक्रवारी नारायणकाकांच्या लेकीची, संगीताची हळद.

संगीता माझी बालमैत्रीण. पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर. तिच्या घरची हळद म्हणजे सगळ्या गावाची हळद. नारायणकाकांची जमीन कारखान्यांत गेली होती आणि गावातला पहिला स्लॅबचा बंगला त्यांचा होता. पत्राची तारीख आणि हळदीची तारीख एकच आहे, हे गल्लीला माझ्याआधी कळलं होतं. दादांनी कारखान्यातून नाशिकला फोन लावला. तारीख बदलत नाही, असं तिकडच्या कारकुनानं सांगितलं.

मग पुढचे सहा दिवस मला जे झालं त्याला काय म्हणावं? कोणीही मला जाऊ नको म्हटलं नाही. एकानंही नाही. कोणी अडवलं असतं तर मी भांडले असते आणि भांडून गेले असते. नारायणकाका स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "पोरीनं जायलाच पायजे. एवढी शिकली ती काय पट्ट्या भरायला? बिनधास्त जा कुंदा. संगीताचं काय, होऊन जाईल कसंतरी." हे 'कसंतरी' त्यांनी अगदी प्रेमानं म्हटलं. मास्तरांची बायको म्हणाली, "जा ना गो. कोन अडवतंय? फक्त यमुनाबाई एकटी पडेल, दुसरं काय." विहिरीवर, दुकानात, आनंदनगरला जाताना रस्त्यात, जो भेटेल तो आधी म्हणायचा जा, आणि मग थोडं थांबून एखादं वाक्य ठेवून द्यायचा. संगीता तेवढी सरळ बोलली. मला मिठी मारून म्हणाली, "तू नसशील तर माझ्या अंगाला हळद लागणार नाही." मग लगेच, "पण तू जा हं. माझी शप्पथ, जा." आता या दोन वाक्यांपैकी कुठलं घ्यायचं?

मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. ती काही बोलेना. मी मुद्दाम तिच्यासमोर प्रमाणपत्रं काढून प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये लावली. मुद्दाम तिच्यासमोर निळ्या साडीला इस्त्री केली. ती तांदूळ निवडत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, मी जाऊ ना?"

"जा की."

"तुझ्याबरोबर कोण बसेल?"

"बगू."

"कोणाला सांगितलंस का?"

"कोनाला सांगू? कोनाला येतं?" असं म्हणून तिनं खडा उचलून अंगणात फेकला.

शुक्रवारी पहाटे मी उठले, आंघोळ केली, निळी साडी नेसले. मला गाडीत बसवून द्यायला दादांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ते धुतलेला शर्ट घालून, बूट पुसून तयार होते. कल्याणहून गाडी पकडायची, एवढंच ठरलेलं. मी फाईल घेऊन बाहेर आले तर ओट्याच्या पायरीवर आत्या बसली होती. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, कपाळाला मोठं कुंकवासारखं गोंदण. ती विधवा, पण धवलारणीला गावात कोणी विधवा म्हणत नसे. त्या दिवसापुरती ती वेगळी असे. ती पायरीच्या एका कडेला बसली होती. मधोमध नव्हे, कडेला, दुसरीला बसायला जागा ठेवून. सवयीनंच बसली असणार. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "फोटो घेतलेस?"

एवढंच. फोटो घेतलेस. आणि मी फाईल खाली ठेवली. आज इतक्या वर्षांनी कोणी विचारलं तर मी कारणं देऊ शकते, पण त्या क्षणी एकही कारण नव्हतं. मी आत जाऊन साडी बदलली. बाहेर आले तेव्हा दादा बुटाच्या नाड्या सोडत होते. त्यांनी दोन्ही बूट जोडीनं भिंतीला लावले, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "तुजं तू बग." दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

सकाळचा पहिला तास मात्र खरंच तसा होता, जसा असायला हवा. नारायणकाकांच्या जुन्या स्वयंपाकघरात जातं मांडलेलं, त्याला आंब्याची पानं बांधलेली, पाच सवाष्णी खुंट्याला हात लावून. हळकुंडं दळली जात होती आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून म्हणत होतो. खोली लहान, बायका दाटीनं बसलेल्या, हळदीचा कडवट वास नाकात चढलेला. जात्याच्या घरघरीवर आत्याचा आवाज चढायचा आणि तो उतरायला लागला की मी धरायची. नवरीचं नाव, तिच्या आईचं, तिच्या मामाचं, गावदेवीचं, वेशीवरच्या देवाचं, सगळ्यांना नाव घेऊन हळदीला बोलवायचं. संगीताच्या आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एक म्हातारी डोळे मिटून डुलत होती. नाशिक माझ्या डोक्यातून गेलं होतं. मला वाटलं, मी बरोबर केलं.

दहा वाजता टेम्पो आला. दहा वाजलेले मी नारायणकाकांच्या घड्याळात बघितले, म्हणून लक्षात आहे. उल्हासनगर कॅम्प पाचमधून बेंजो पार्टी बोलावली होती. सहा वादक, दोन ढोल आणि माणसाच्या उंचीचे चार स्पीकर. गावात बेंजो आधीही वाजायचा, पण संध्याकाळी, जेवणाच्या वेळी. इतका मोठा आणि इतक्या लवकर मी प्रथमच बघत होते. आम्ही मांडवात, चौरंगाच्या बाजूला बसलो होतो. हळद लावतानाचा धवला तिथंच बसून म्हणायचा असतो. साउंडवाला वायरचं भेंडोळं घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, थोडा साईड में बैठो ना, इधर बॉक्स आएगा." आम्ही सरकलो. थोड्या वेळानं दुसरा बॉक्स आला आणि आम्ही पडवीत गेलो. पडवीत पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायच्या होत्या. शेवटी आम्ही मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं आचाऱ्यांची चूल होती तिथं जाऊन बसलो. भाताचे टोप उकळत होते, धूर डोळ्यांत जात होता, आणि समोर खांबांमधून चौरंगाचा फक्त एक पाय दिसत होता.

संगीताला बसवलं. बेंजो सुरू झाला. तो आवाज कानाला ऐकू येत नव्हता, छातीत बसत होता. आत्यानं धवला सुरू केला. मला कळलं ते तिचे ओठ हलले म्हणून. मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि मला तिचा आवाज येत नव्हता. माझा मलाच येत नव्हता. तिच्या ओठांकडे बघून कुठली ओळ चालली आहे ते ओळखायचं आणि तिचा श्वास संपताना दिसला की तोंड उघडायचं. आम्हाला बघायला कोणी नव्हतं. मांडवात पोरं नाचत होती, बायका नाचत होत्या, जात्याजवळ डोळे मिटून डुलणारी म्हातारीही दोन पावलं टाकत होती. ज्यांनी सहा दिवस मला सांगितलं होतं की यमुनाबाई एकटी पडेल, ते सगळे आमच्याकडे पाठ करून होते.

मी उठले आणि नारायणकाकांकडे गेले. त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "काका, दहा मिनिटं बंद करा! धवला चाललाय!"

"हो हो हो," काका म्हणाले, "सांगतो, आत्ता सांगतो." त्यांनी लांबूनच साउंडवाल्याला हात केला. आवाज जरा उतरला. पोरांनी आरडाओरडा केला. आवाज चढला. काकांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि हसले. ते हसणं वाईट नव्हतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

वायरींचा बोर्ड मांडवाच्या डाव्या खांबाला बांधला होता. मी गेले आणि मोठा प्लग ओढून काढला.

इतकी शांतता मोरिवलीत मी कधी ऐकली नाही. नाचणारे हात वरच राहिले. आणि त्या शांततेत मागच्या कोपऱ्यातून आत्याचा आवाज बाहेर आला, चढलेला, बारीक, एकटा. तिला बेंजो थांबल्याचं कळलंच नव्हतं. तीन-चार शब्द आले आणि तिला कळलं. ती गप्प झाली.

दीड-दोनशे माणसं वळून बघत होती. माझ्या हातात प्लग. मी म्हटलं, "म्हण ना आत्या."

"हां, बोला बोला यमुनाबाई," कोणीतरी म्हणालं. "आयकतो ना आमी." नारायणकाकांनी दोन्ही हात वर करून, सभेत सांगावं तसं सांगितलं, "ए, शांत राहा रे सगळे! धवला आयका!" माणसं खरंच शांत राहिली. काही जण खाली बसले. बायकांनी पदर सावरले. सगळे आपले वाट बघत, आत्याच्या तोंडाकडे बघत.

आत्या चुलीच्या धुरात बसली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. तोंड उघडलं, मिटलं. चार गावांतल्या लग्नांत तोंड न थकलेली ती बाई जमिनीकडे बघत राहिली. धवला कोणी ऐकत बसायची गोष्ट नव्हती. हळद दळली जाते, हात चालतात, पोरं रडतात, कोणी कोणाला हाका मारतं आणि त्यात तो चालू असतो. असं सगळ्यांनी हात बांधून आत्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मला हे तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की मी तिच्यासाठी सगळं गाव थांबवलं आणि ती गात नाही.

"आत्या!" मी ओरडलेच.

आत्यानं साउंडवाल्याकडे बघितलं. "लाव रं तुजं," ती म्हणाली. "पोरं नाचतान. नाचूं दे."

साउंडवाला माझ्याजवळ आला आणि हात पुढे करून, अगदी अदबीनं म्हणाला, "दीदी, वो प्लग..." मी त्याच्या हातात प्लग दिला. मग मी मागे जाऊन आत्याच्या शेजारी बसले, कारण हळद अजून लागायची होती आणि धवला अर्धा होता. आम्ही तो पुरा केला. तिच्या ओठांकडे बघत, एकेक ओळ धरत, कोणालाही ऐकू न येता.

संध्याकाळी घरी येताना मी गल्लीत थांबले. "तुला माहीत होतं? एवढा मोठा बेंजो सांगितलाय ते?"

"व्हतं."

"कधीपासून?"

"म्हैना झाला. नारायननं मनाच ईचारलं, चालेल ना यमुनाबाय. मी बोल्ली, चालेल."

"मग मला थांबवलंस कशाला? मी नाशिकला गेले असते! दहा वाजता तिथं बसले असते!"

"मी कवा थांबवली?" आत्या म्हणाली. आणि खरंच, तिनं थांबवलं नव्हतं. मी रडायला लागले. माझा राग कुठं ठेवायचा तेच मला कळत नव्हतं. आत्या थोडी पुढे गेली, मग परत मागे आली. "गानं कोन आयकतं का नाय, मना काय नाय त्याचं," ती म्हणाली. "पन तिथं एकटीनं बसायची लाज वाटते गो. दोघी असल्या तं धवलारनी दिसतान. एकटी असली का बाई नुसती बसलेली दिसते."

आज मला वाटतं, तिनं हे सहा दिवस आधी म्हटलं असतं तर मी न रडता, न चिडता राहिले असते. किंवा कदाचित गेलेच असते. मला ठरवता येत नाही आणि त्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी सासरी निघताना संगीता माझ्या गळ्यात पडली. "तू होतीस म्हणून माझं लग्न लग्नासारखं वाटलं," ती म्हणाली. मी विचारलं, "तुला ऐकू आलं?" ती म्हणाली, "नाही गं, पण तू होतीस ना." ती खरं बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यासाठीही होतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मला वाटलं होतं गाव मला बोलेल. भर हळदीत प्लग काढला म्हणून नावं ठेवेल, दादांना ऐकवेल. तसं काही झालं नाही. आठवडाभरात त्याची गंमत झाली. माझं नाव वायरवाली पडलं. विहिरीवर गेले की बायका म्हणायच्या, "आली गो वायरवाली, दिवे संभाला." नारायणकाका पाहुण्यांना ती गोष्ट कौतुकानं सांगायचे, "आमची कुंदा, बेंजोच बंद केला!" आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे. मी केलेली एकमेव रागाची गोष्ट त्यांनी लाडात घेऊन टाकली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा नक्की कळलं की मला इथून जायचं आहे. ते माझ्याशी वाईट वागले म्हणून मुळीच नाही. मी काहीही केलं तरी ते मला सामावून घेतील, आणि मी कशावर खरंच चिडले होते ते कोणालाच कधी कळणार नाही, म्हणून.

मी नाशिकला पुन्हा पत्र लिहिलं. घरात अडचण होती, पुन्हा जागा निघाली तर विचार व्हावा, असं. पत्ता मात्र कॉलेजातल्या माझ्या बाईंचा दिला, उल्हासनगरचा. गणपती झाल्यावर पुन्हा बोलावणं आलं. ते पाकीट मी बाईंच्या घरी, त्या चहा करायला आत गेल्या तेव्हा, एकटीनं फोडलं. दादांखेरीज कोणाला सांगितलं नाही. दादांनी या वेळी अख्ख्या दिवसाची रजा टाकली, आणि परतताना गाडीत मला म्हणाले, "झालं असेल." ते त्यांचं सगळ्यात मोठं भाषण. महिन्याभरात मला जागा मिळाल्याचं कळलं.

जेवताना घरात सांगितलं. आई रडली, मग उठून मला आणखी भात वाढला. आत्यानं एवढंच विचारलं, "तिकडं सुकी मासली भेटते का?" मी म्हटलं, बघावं लागेल. सकाळपर्यंत ते गल्लीला कळलं होतं आणि सगळ्यांनी मला जा म्हटलं.

अलीकडे मोरिवलीतली तरुण मुलं माझ्याकडे बदलापूरला येतात. "मावशी, दोन धवले म्हणा ना, मोबाईलवर घेतो, आपली संस्कृती आहे." चांगली मुलं आहेत. त्यांना मी सांगते, मला आता येत नाहीत. हे खोटं आहे. सगळे येतात. पण एकटीनं म्हणायचे नसतात एवढं साधं त्यांना समजावून सांगायला लागलं की माझा आवाज चढतो, आणि मग ती घाबरून चहा न पिता जातात.

मी नाशिकला निघायच्या आदल्या आठवड्यात खालच्या आळीतल्या दोघी जावा नारळ-सुपारी घेऊन आमच्याकडे आल्या. एकीच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, नारळ आत्यासमोर ठेवला. "दोघींनी यायचं," नवऱ्या मुलाची आई म्हणाली. तारीख तिनं सांगितली. मी तेव्हा नाशिकला असणार होते. हे तिलाही माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. तरी ती माझ्याकडे बघत थांबली, आणि तिची जाऊही, अगदी मायेनं. मला माझ्या तोंडात शब्द येताना जाणवला. रजा काढते, एका दिवसाचं काय, येईन. तोंड उघडलंही होतं.

"ती नाय येनार," आत्या म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "ती चालली नोकरीला. आनि मी बी नाय. माजा गला गेला."

"गला गेला?" त्या दोघी एकदमच म्हणाल्या. पाच मिनिटांपूर्वीच आत्यानं त्यांना गल्लीच्या टोकावरून हाक मारली होती.

"गेला," आत्या म्हणाली, आणि नारळ उचलून त्या बाईच्या पिशवीत ठेवला. "बेंजो सांगा. बरा वाजतो."

आईनं चहा आणला. त्यांनी बशीत ओतून तो सावकाश प्यायला, कोंबड्यांची चौकशी केली, आणि उठल्या. पायऱ्या उतरताना नवऱ्या मुलाची आई मागे वळली.

"मग होळीला तरी येशील ना गो, कुंदे?"

मी आत्याकडे बघितलं. ती कपबशा गोळा करत होती.

"येईन," मी म्हणाले.